मधला माणूस

गेल्या महिन्यात माझ्या मोबाईलने मान टाकली. म्हणजे तसा तो वाजत होता, बोलत होता, बॅटरीही दिवसभर टिकत होती. पण बँकेचे ॲप एके दिवशी म्हणू लागले की तुमच्या फोनमधले सॉफ्टवेअर आता जुने झाले, यापुढे मी इथे चालणार नाही. सहा वर्षांचा फोन, अंगावर एक ओरखडा नाही. नोकरीत असताना मी एकच सायकल अठ्ठावीस वर्षे वापरली आणि ती जुनी झाली हे कधी ठरवायचे ते माझे मी ठरवले होते. असो.

भाचा पुण्याहून नवा फोन घेऊन आला आणि तो सुरू करायला बसला. "मामा, तुम्ही फक्त 'मान्य' म्हणत चला, बाकीचं मी बघतो." मी चार वेळा मान्य म्हटले. काय मान्य केले ते विचाराल तर सांगता येणार नाही. पाचव्या वेळी फोनने विचारले, तुमचे सगळे फोटो क्लाउडवर जपून ठेवू का? म्हणजे कंपनीच्या, कुठे आहेत ते आपल्याला ठाऊक नसलेल्या संगणकांवर. त्या फोटोंत नातवंडे होती, गुडघ्याचे एक्स-रे होते, आणि माझ्या काकांनी आणीबाणीत तुरुंगातून काकूला लिहिलेल्या एकतीस पत्रांचे फोटो होते. माझे बोट थांबले.

"मामा, पन्नास वर्षांपूर्वीची पत्रं ती. कोण बघणार आहे?"

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे अशा वेळी मी मागे जातो. गेले काही दिवस तेच करत होतो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

निरोप धाडायचा म्हटले की दोघांच्या मध्ये तिसरा कुणीतरी येतोच. जासूद, पोस्टमन, तारबाबू, टेलिफोन ऑपरेटर. हा मधला माणूस आपली सोय करतो आणि त्या बदल्यात त्याला थोडेफार कळते. आपल्या देशात पोस्टकार्ड आले १८७९ साली, किंमत पाव आणा. कार्डावरचा मजकूर उघडा. पोस्टमास्तर वाचणार, पोस्टमन वाचणार, आणि गावात वाचता येणारा तोच एकटा असेल तर घरच्यांना वाचूनही तोच दाखवणार. तरी लोकांनी कार्डे भरभरून लिहिली, कारण ती स्वस्त होती. बंद पाकिटाला जास्त पैसे पडत. म्हणजे खाजगीपणाला तेव्हाही किंमत होतीच, फक्त ती पोस्टाच्या खिडकीवर लिहिलेली असे. आमच्या घरी आजोबांचा नियम होता: खुशाली कार्डावर, व्यवहार पाकिटात. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, तो पाहिला की आजी वाचायच्या आधीच मटकन खाली बसे. कुठली गोष्ट उघडी जाऊ द्यायची आणि कुठली झाकून, हे चौथी शिकलेल्या माणसालाही कळत होते, कारण कार्ड उघडे आहे हे डोळ्यांना दिसत होते.

तारेत ही निवडही उरली नाही. तार म्हणजे मजकूर आधी बाबूच्या हातात द्यायचा. त्याने शब्द मोजायचे, मग तो कट्ट कडकट्ट करून पुढे जायचा. व्यापाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो सांकेतिक शब्दांचा. एका शब्दात एक अख्खे वाक्य. त्याने पैसेही वाचत आणि भावही फुटत नसे. सरकारने मात्र आपली बाजू कायद्याने पक्की केली. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारकडे आला. १८९८ च्या पोस्ट कायद्यात सव्विसाव्या कलमाने तीच सोय टपालासाठी झाली. इंग्रज गेले, तार २०१३ साली बंद झाली, पण हे कायदे २०२३ साली नवे कायदे होईपर्यंत राहिले. नव्या कायद्यांतही अडवण्याचा अधिकार आहेच.

आता टेलिफोन. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ साली. तेव्हाचे एक्स्चेंज म्हणजे फळ्यासमोर बसलेला माणूस. तुम्ही नंबर सांगायचा, त्याने तार जोडायची. आमच्या पिढीने ट्रंक कॉल केलेत, त्यांना हे सांगायला नको. तास दोन तास थांबा, मग "बोला, मुंबई लागलीय", आणि बोलणे रंगात आले की मध्येच ऑपरेटरचा आवाज, "तीन मिनिटं झाली!" म्हणजे तो ऐकतच होता की! आमच्या गावात तर कुणाच्या मुलीचे लग्न जमले हे वधूपित्याच्या आधी एक्स्चेंजमध्ये कळे अशी थट्टा होती.

हा मधला माणूस प्रथम काढून टाकला तो अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर नावाच्या गृहस्थाने. कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा त्याचा धंदा. कथा अशी सांगतात की गावातली टेलिफोन ऑपरेटर त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि याच्यासाठी आलेली गिऱ्हाईके ती नवऱ्याकडे जोडून देई. कथेत तिखटमीठ असेल, पण स्ट्रोजरने चिडून आपोआप जोडणी करणारे यंत्र बनवले आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले हे खरे. १८९२ साली इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. आपल्याकडे पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला आले १९१३-१४ मध्ये, आणि बाहेरगावी थेट नंबर फिरवायची सोय, म्हणजे एसटीडी, १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर.

स्ट्रोजरची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. तेव्हा सांगायचो ती गरज ही शोधाची जननी म्हणून. आता तिच्यात मला वेगळेच दिसते. त्या बाईमुळे स्ट्रोजरचे तीन प्रकारचे नुकसान होत होते. त्याचे बोलणे तिला कळत होते, हा खाजगीपणाचा प्रश्न. तिच्यावाचून फोन लागत नव्हता, हा सोयीचा. आणि कुणाचा फोन कुणाला जोडायचा ते ती ठरवत होती, हा ताब्याचा. यंत्राने तिन्ही प्रश्न सुटले असे त्याला वाटले असेल. पण यंत्रालाही मालक असतो. ऑपरेटर गेली, तिच्या जागी टेलिफोन कंपनी आणि टेलिफोन खाते आले, आणि कुणी कुणाला किती वेळ फोन केला याची नोंद यंत्र स्वतःच ठेवू लागले.

आता काकांच्या पत्रांकडे येतो.

२५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो. काकांना पावसाळ्यातच उचलले. चौदा महिने ते आत होते. पंधरा दिवसांनी एखादे पत्र येई. त्यावर वरच्या कोपऱ्यात तपासल्याचा जांभळा शिक्का आणि खाली कुणाची तरी वेलांटीदार सही. कधी एखादी ओळ काळ्या शाईने गिरवून टाकलेली. काकू ते पत्र ओसरीवर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवी आणि मग ट्रंकेत ठेवी.

२००७ साली तिने तो गठ्ठा माझ्या हाती दिला. "घे. तुला इतिहासाची आवड. पण यात काही नाही." मला आनंद झाला. घरातच अस्सल साधन सापडले होते! रात्री जागून एकतीसही पत्रे वाचली. हवा, प्रकृती, मुलांचा अभ्यास, कुठले पुस्तक पाठवावे, म्हैस आटली का. काकूचे म्हणणे खरे होते. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले, एवढे चौदा महिने आणि तुम्ही दोघांनी एकमेकांना हेच लिहिले? ती म्हणाली, "अरे, मधे बसलेला माणूस वाचणार हे दोघांनाही ठाऊक. मग काय लिहिणार? जे लिहायचं होतं ते लिहिलंच नाही. आणि हे घरी आल्यावर बोलायचंही राहून गेलं."

खाजगीपणा म्हणजे काहीतरी लपवणे, हा जो समज आहे तो माझ्या मनातून त्या दिवशी गेला. त्या पत्रांत लपवण्यासारखे काहीच नव्हते. कुणीतरी वाचते आहे हे ठाऊक असल्यामुळे जे लिहिलेच गेले नाही, ते नुकसान. त्याची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार?

एक मात्र होते. शिक्का होता. हे पत्र वाचलेले आहे असे तो शिक्का सरळ सांगत होता.

आपल्या न्यायालयांना या बाबतीत मन पक्के करायला बरीच वर्षे लागली. १९६२ च्या खडकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन चौकशी करणे अवैध ठरवले, पण खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही असे बहुमताने म्हटले. १९८६ साली टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. १९९६ साली न्यायालयाने फोन चोरून ऐकण्यावर बंधने घातली, आदेश कुणी द्यायचा आणि तो किती दिवस चालायचा हे ठरवून दिले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. या खटल्यातले अर्जदार पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी आधारच्या विरोधात अर्ज केला तेव्हा त्यांचे वय ८६ होते. या वयात आम्ही औषधाच्या गोळ्या मोजतो, त्यांनी देशाला एक हक्क मिळवून दिला! पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. तोही सरकारी यंत्रणांना बऱ्याच सवलती देतो, हे खरे.

इथवर गोष्ट सरकार आणि नागरिक यांची होती. संगणकाने त्यात तिसरी बाजू आणली, ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तिथल्या छपाईयंत्रात कागद अडकायचा. आधीच्या यंत्रात त्याने स्वतः दुरुस्ती करून ठेवली होती, कागद अडकला की सर्वांना निरोप जाई. नव्या यंत्राचे सॉफ्टवेअर मात्र कुलूपबंद आले. त्याचा मूळ मजकूर एका प्राध्यापकाकडे आहे असे कळल्यावर त्याने तो मागितला, तर उत्तर आले की मी कंपनीला गुप्ततेचे वचन दिले आहे. स्टॉलमनच्या हे मनाला लागले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने जाहीर केले की मी सर्वांना वापरता, पाहता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली लिहिणार. तिचा एक महत्त्वाचा भाग १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने पुरा केला. तेच लिनक्स.

हे काय मोठे, असे मलाही वाटले असते. पण २००३ साली आमच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघाली. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, जुन्या मुख्याध्यापकांच्या मुलाखती, सगळे मी महिनाभर बसून एका मराठी फॉन्टमध्ये टंकले. चार वर्षांनी शाळेत नवा संगणक आला, त्यात तो फॉन्ट नव्हता. फाईल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची भाजी. मुलाखत दिलेल्यांपैकी दोघे तोवर वारलेले. ज्याच्याकडे तो फॉन्ट होता त्याच्याच दारात जायचे, दुसरा इलाज नाही. शब्द माझे, आठवणी त्यांच्या, आणि किल्ली तिसऱ्याच्या खिशात. यात कुणी काही चोरून वाचले नव्हते, तरी नुकसान झालेच. पुढे युनिकोड वापरू लागलो तेव्हा सुटलो. आता मी लिहिलेले कुठल्याही संगणकावर उघडते, कारण अक्षरांचे क्रमांक सर्वांसाठी एकच आहेत आणि ते उघड आहेत.

मोबाईलमध्ये हे सगळे प्रश्न एकाच डबीत बसले. २००७ साली ॲपलचा आयफोन आला, २००८ साली त्याचे ॲपचे दुकान. हा फोन म्हणजे भक्कम वाडा. चोर शिरणे कठीण, पण दिंडीदरवाजावर मालकाचा माणूस, तो सोडेल तेच सामान आत. त्याच सुमारास गूगलने अँड्रॉइड आणले, पहिला फोन २००८ सालचा. त्याच्या मुळाशी तेच लिनक्स, मूळ मजकूर कुणालाही पाहता येतो. वाड्याच्या जागी हा चव्हाटा म्हणा हवे तर. स्वस्त, मोकळा, पण दुकान, नकाशे आणि खाते गूगलचे आणि गूगलची कमाई मुख्यतः जाहिरातीची. फोन कंपन्यांवर आपली ॲप्स एकगठ्ठा लादल्याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला, यावरून मोकळेपणा किती ते कळावे. तिसरी वाट काढणारेही झाले. ओपनमोको नावाच्या मंडळींनी २००७-०८ साली संपूर्ण उघडा फोन करून पाहिला, तो रुजला नाही. लिनेजओएससारखी प्रणाली जुन्या अँड्रॉइड फोनवर बसवून तो आणखी काही वर्षे चालवणारे हौशी लोक आजही आहेत. भाच्याला मी ते विचारले. तो म्हणाला, "बसवता येईल मामा, पण मग तुमचं बँकेचं ॲप कुरकुर करणार." म्हणजे पुन्हा जिथून निघालो तिथेच.

विकत घेतलेली वस्तू आपली असते, या समजालाही २००९ साली तडा गेला. ॲमेझॉनने विकलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती हक्काच्या वादामुळे लोकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या. त्यातले एक '१९८४'! कंपनीने पैसे परत केले, माफीही मागितली. पण कपाटातले पुस्तक दुकानदाराने रात्री येऊन नेणे आमच्या कल्पनेत बसत नाही.

आणि व्हॉट्सॲप. एप्रिल २०१६ पासून त्यावरचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतो, कंपनीलाही नाही. हे बंद पाकीट झाले, आणि चांगले झाले. पण पाकिटावरचा पत्ता बाहेरच असतो. कोण कुणाशी किती वाजता बोलले हे मधल्याला कळू शकते. शिवाय त्या संभाषणाची प्रत क्लाउडवर ठेवली तर तिला कुलूप घालायची सोय आली ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि ते कुलूप आपण होऊन लावावे लागते. माझ्या ओळखीच्या दहा जणांना विचारले, एकानेही लावलेले नव्हते. माझेही नव्हते.

ट्रंक कॉलवाला ऑपरेटर ऐकायचा, पण संध्याकाळपर्यंत विसरायचा. पोस्टमन वाचायचा, पण तो समोर राहायचा, त्याचीही गुपिते आपल्याला ठाऊक असत. आताचा मधला माणूस विसरत नाही, दिसत नाही आणि शिक्का मारत नाही. गेल्या वर्षी बायकोच्या आजाराचे नाव मी फोनवर शोधले, तेव्हापासून मला त्याच आजाराच्या औषधांच्या जाहिराती दिसू लागल्या. घाबरण्यासारखे काही नाही, पण दुसऱ्या आजाराचे नाव शोधताना माझा हात आखडला. मी शोधलेच नाही. काकू आठवली.

मग मी काय केले? मंडळी, संन्यास घेतला नाही. साधा अँड्रॉइड फोनच ठेवला. निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला घरबसल्या मिळतो, भाजीवाली पैसे फोनवर घेते, नात परदेशातून दिसते. या वयात ही सोय क्षुल्लक नाही आणि ती नाकारणाऱ्याला सून किंवा शेजारी यांच्या तोंडाकडे पाहावे लागते. तोही एक मधला माणूसच. पण आजोबांचा नियम पुन्हा लावला. खुशाली कार्डावर: लग्नाचे फोटो, फुले, हे क्लाउडवर खुशाल जावोत. व्यवहार पाकिटात: संभाषणाच्या प्रतीला कुलूप, आणि विजेरीच्या ॲपला माझे फोन नंबर किंवा ठावठिकाणा कशाला हवा, म्हणून त्या परवानग्या बंद. यात एक दुपार गेली. आणि काही गोष्टी टपालात टाकायच्याच नाहीत. पत्रांचे फोटो दोन पेन ड्राइव्हवर घेतले, एक माझ्या कपाटात, एक भाच्याकडे. तो म्हणाला, "मामा, दोन्ही खराब झाले तर?" बरोबर आहे त्याचे. क्लाउड जास्त टिकाऊ आहे. ही जोखीम मी डोळे उघडे ठेवून घेतली एवढेच.

हे सगळे ठरवल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि मी ओशाळलो. पत्रे माझी कुठे होती? मी काकांच्या मुलीला, माझ्या चुलतबहिणीला फोन केला. सगळे सांगितले, पत्रांबद्दल असे इथे लिहू का तेही विचारले.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, कुणी वाचली तरी काय, त्यात काही नाहीच. आईच म्हणायची. पण तू विचारलंस, बरं केलंस."